पलंगाखालचे तीनशे डबे

२ एप्रिल

आत्या,

हे पत्र बाबांनी लिहायला सांगितलंय. आधीच सांगून टाकते, नाहीतर तू दुसऱ्या ओळीला ओळखशील आणि पुढचं वाचणारच नाहीस. ते स्वतः लिहीत नाहीत, कारण धाकट्या बहिणीला आपण होऊन पत्र लिहिणं म्हणजे माघार घेणं, असं त्यांचं मत आहे.

काल तुमच्याकडे बस नेणारा ड्रायव्हर डेपोत माझ्या पार्सलच्या खिडकीशी चहा पीत उभा होता. नेमके बाबा मला घराची किल्ली द्यायला आले. ड्रायव्हरने तोंड उघडलं आणि झालं. त्याने म्हणे तुझी दोन खोकी घरापर्यंत उचलून आणली आणि ठेवायला पलंगाखाली वाकला, तर तिथे हात शिरायला जागा नाही. भिंतीपर्यंत मांसाचे डबे. शिलाई मशीनच्या मागे डबे, न्हाणीघराच्या माळ्यावर डबे. तुमच्या बहिणीने कुणाशी लढाई पुकारलीय का, असं त्याने बाबांना विचारलं. बाबांना हसू आलं नाही.

त्यात तू फोन उचलत नाहीस. गेल्या महिन्यात बाबांनी अकरा वेळा केला. आता त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की तुझं डोकं ठिकाणावर नाही. एकटी बाई, सत्तरीला टेकलेली, घरात तीनशे डबे, फोन वाजतोय आणि ही बसून आहे. अठ्ठावीस मेला ते मालाची गाडी घेऊन येणार आहेत. तुझ्या घराला कुलूप आणि तू आमच्याकडे, मागच्या खोलीत. खोलीला रंग द्यायचं कामसुद्धा सुरू झालंय.

निम्मे डबे वाटून टाक आणि फोन उचल, म्हणजे मला तुझ्या बाजूने बोलायला तोंड राहील.

तुझी भिंगरी


९ एप्रिल

भिंगरे,

दादाला सांग, तीनशे नाहीत, तीनशे बारा आहेत. शिवाय शिजवलेल्या मटणाची सीलबंद पाकिटं बावीस आणि सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्यांच्या चार बरण्या. त्या ड्रायव्हरला दिसल्या नाहीत, कारण पिठाच्या पिंपामागे आहेत. चहाड्या करायच्याच असतील तर माणसाने नीट मोजून कराव्यात.

मी डबाबंद मांसाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. काम काय, तर वीतभर लोखंडी कांडी घेऊन पट्ट्यावरून येणारा प्रत्येक डबा ठोकायचा आणि ऐकायचं. आतली हवा नीट काढलेली असली की डबा खणखणतो. कुठे शिवण उसवली, बारीक हवा शिरली, की बसका बोलतो. दिसायला दोन्ही सारखेच. वासालाही पुष्कळदा कळत नाही आणि खाणारा मात्र दवाखान्यात. एकतीस वर्षांत माझ्या कांडीखालून गेलेल्या डब्याने कुणाचं पोट बिघडलं नाही. तेव्हा डबा म्हणजे काय, हे मला रंगाच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या माणसाने शिकवू नये.

आता का साठवते ते. बारा वर्षांपूर्वी पूल वाहून गेला तेव्हा आम्ही एकोणीस दिवस अडकलो होतो. तुमच्या वर्तमानपत्रात चौथ्याच दिवशी आलं होतं की मदत पोचली. पोचली पंधराव्या दिवशी, आणि खोकी फोडली तर आत ब्लँकेटं. त्या दिवशी मी ठरवलं की तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांच्या भरवशावर पुन्हा राहायचं नाही.

माझा साठा म्हणजे अडगळ नव्हे. प्रत्येक डब्यावर मी आणल्याची तारीख जाड पेन्सिलीने घालते. जुना पुढे, नवा मागे. दर रविवारी पुढचा एक उघडून खाते आणि एक नवा मागे लावते. फुगलेला, गंजलेला, पोचा पडलेला डबा उंबऱ्याच्या आत येत नाही. ओपनर तीन आहेत, तीन खोल्यांत, कारण डबे सगळेच आठवणीने घेतात आणि ओपनर कुणीच घेत नाही.

फोनचं म्हणशील तर मला फोन आवडत नाही. लिहायचं असेल तर लिहा. आणि मागच्या खोलीला रंग द्या नाहीतर सोन्याने मढवा, मी येत नाही.

आत्या


१७ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ब्लँकेटांपर्यंत हसले. रंगाच्या दुकानापाशी उठून गेले.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ आहे. काल ड्रायव्हर पुन्हा भेटला. बाबा नव्हते, म्हणून मी त्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, परवा तू रस्त्याच्या मधून चालली होतीस आणि त्याने तुझ्या मागे चार पावलांवर हॉर्न दाबून धरला. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या, पण तू मान वळवली नाहीस. तो म्हणतो, बाई हट्टी आहे, बसलासुद्धा वाट देत नाही. बाबांनाही तो हेच सांगेल आणि बाबांना त्यात वेड दिसेल.

मला वेड दिसत नाही आणि हट्टही दिसत नाही. तू फोन उचलत नाहीस, हॉर्नला वळत नाहीस, दार वाजवून वाजवून खोकी आणणारा कंटाळतो. आत्या, सरळ विचारते. तुला ऐकू येतं ना?

भिंगरी


२५ एप्रिल

भिंगरे,

नाही येत. दीड वर्ष झालं. समोर बसून, तोंडाकडे बघू देऊन, मोठ्याने बोललं तर निम्मं कळतं. उरलेलं मी जुळवून घेते आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं, कारण माणसं तेच तेच बोलतात.

हे तू तुझ्या बापाला सांगायचं नाहीस. शपथ घालते, आणि का घालते तेही सांगते. तुझ्या आजीलाही असंच झालं होतं. कान गेले तशी दादाने तिला इथून उचलून तुमच्याकडे नेली, त्याच मागच्या खोलीत. वाईट वागवलं असं कुणी म्हणणार नाही. वेळेवर ताट जायचं, औषध जायचं. फक्त तिच्याशी बोलायचं हळूहळू सगळ्यांनी सोडून दिलं, कारण ओरडायचा कंटाळा. मी भेटायला आले की ती माझा हात धरून बसायची आणि दाराकडे बघत राहायची. इथे गल्लीतून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारणारी बाई ती. चौदा महिन्यांत संपली. डॉक्टरने हृदय लिहिलं, मला विचारलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं.

मला त्या खोलीत मरायचं नाही. मी भांडीन, चावीन, पण तिथे येणार नाही. दादाला माझे कान कळले तर तो अठ्ठावीस मेचीही वाट बघणार नाही.

आणखी एक सांगते, आता सुरुवात केलीच आहे तर. त्या एकोणीस दिवसांत माझ्याकडे अकरा डबे होते. मी ते कुणाला सांगितले नाहीत. खिडकी लावून, दाराला कडी घालून खाल्ले, ओपनरचा आवाज होऊ नये म्हणून टॉवेल गुंडाळून. शेजारची पोरं भुकेने रडत होती आणि तेव्हा माझे कान चांगले होते. अकरा डब्यांत अकरा घरं जगली नसती हे खरं, पण मी दार लावून घेतलं हेही खरंच. पुन्हा दार लावायची वेळ येऊ नये म्हणून हे तीनशे बारा.

डब्यांची काळजी करू नकोस. माणूस ऐकू येत नसला तरी डबा मला अजून ऐकू येतो.

आत्या


४ मे

आत्या,

शपथ पाळतेय. जेवताना बाबा तुझा विषय काढतात आणि मी पाणी पीत बसते.

आजीचं मला माहीत नव्हतं. मी तेव्हा लहान होते, पण तिच्या खोलीत जाऊन गप्पा मारल्याचं मला आठवत नाही, आणि ते वाचून मला स्वतःची लाज वाटली.

सोबत कानाचं मशीन पाठवतेय. ड्रायव्हरला पार्सलमध्ये घड्याळ आहे असं सांगितलंय.

पण तुझी शेवटची ओळ मला पटलेली नाही. चार पावलांवरचा हॉर्न ऐकू येत नाही आणि डबा ऐकू येतो? आत्या, तू मला सांगतेस की स्वतःला?

भिंगरी


१० मे

भिंगरे,

मशीन परत पाठवतेय. गल्लीतली कुत्री, नळ, भांडी, सगळं एकदम डोक्यात ओतलं जातं.

आणि डब्यांचं माझं मी बघेन. एकतीस वर्षं केलंय.

आत्या


१७ मे

आत्या,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. नदीला पाणी आलं आणि चौदा तारखेला पुलाचा मधला खांब खचला, एवढंच आम्हाला कळलंय. तुमच्याकडची बस तिकडेच अडकली, ड्रायव्हरसकट. फोन लागत नाहीत. इथे सांगतात की मदत निघाली आहे. मी विचारलं, ब्लँकेटं आहेत का, तर खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, हो, भरपूर.

तू उपाशी राहणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. मला भीती त्याची नाहीच. तू आता दार उघडशील, सगळ्यांना बसवशील, कांडीने डबा ठोकशील आणि ऐकू आल्यासारखी मान हलवशील, याची मला भीती आहे. तुझ्या दहा तारखेच्या चार ओळींत मला दुसरं काही दिसलं नाही.

म्हणून मी चौदा तारखेलाच शपथ मोडली. बाबांना सगळं सांगितलं. हॉर्नचं, मशीनचं, आजीचंसुद्धा. ते टेबलावरचं बाटलीचं झाकण फिरवत बसले. मग एवढंच म्हणाले, "आईसारखं?" आणि कामावर गेले. तेव्हापासून रोज डेपोत येतात, बाकावर बसतात आणि पूल कधी होणार म्हणून प्रत्येकाला विचारतात. तात्पुरता पूल झाला की पहिल्या बसने ते निघतील. तुला आणायलाच.

रागावशील तर रागाव. मला तू जिवंत हवी आहेस.

भिंगरी


४ जून

भिंगरे,

तुझं पत्र आज पहिल्या बसने आलं. शपथ मोडलीस हे वाचलं. रागावणार होते, पण तोवर मी स्वतःच ती मोडून बसले होते, तीही भर गल्लीत. ऐक कसं झालं ते.

पूल गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी दुकानाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. त्या दिवशी सकाळीच मी दार सताड उघडलं, पाट टाकून उंबऱ्यात बसले आणि शेजारच्या शिंपीणबाईला म्हटलं, गल्लीत सांग, ज्याने त्याने आपापली ताटली घेऊन यायचं. अकरा घरं, वर अडकलेल्या बसमधली पाच माणसं आणि तुझ्या बापाचा हेर तो ड्रायव्हर. तो पहिल्या रांगेत, चमचा घेऊन. मी म्हटलं, या, तुमच्या कृपेने मला इथून हलवायचं चाललंय, तोवर खाऊन घ्या. तो लाजला, पण ताटली मागे घेतली नाही.

कांडी माझ्या हातात होती. सवयच ती. सहा डबे ठोकले, सहा वेळा मान हलवली, चांगला म्हटलं. सगळे विश्वासाने बघत होते. कारखान्यातल्या एवढ्या बायकांत नावाजलेली ठोकणारी मी, कोण शंका घेणार? सहाही निघाले चांगले. तो माझा पराक्रम नव्हे, नशीब होतं.

दुसऱ्या दिवशी बारा काढले. पलीकडच्या घरातली बाळंतीण वाडगा घेऊन आली, अंगावर पिणारं मूल कडेवर. मी खिम्याचा डबा ठोकला. काही नाही. भिंगरे, अगदी काही नाही. बोटांना ठोका लागला, कानाला शून्य. मी मान हलवली, ओपनर लावला, वाडगा भरला आणि तिच्यासमोर धरला. तिने हात पुढे केला आणि माझा हात वाडगा सोडेना. तिला वाटलं मी काहीतरी विनोद करतेय, ती हसली.

समोर ड्रायव्हर बसला होता. माझ्या तोंडून जे निघेल ते पूल होताच तुझ्या बापाच्या कानावर जाणार आणि माझं घर जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. गप्प बसले असते तर झाकली मूठ राहिली असती. पण मागे मी दार लावून खाल्लं होतं, आणि आता दार उघडून खोटं वाढायचं, हे त्याहून वाईट. मी वाडगा खाली ठेवला आणि म्हटलं, "थांबा सगळे. मला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. कालपासून मी नुसती मान हलवतेय."

पुढे काय झालं असेल असं तुला वाटतं? शाळेचा शिपाई मोठ्याने, तोंड माझ्याकडे करून म्हणाला, "बाई, ऐकू येत नाही हे आम्हाला माहीतच आहे. पण डबे तरी ऐकू येत असतील असं वाटलं होतं." अख्ख्या गल्लीला माहीत होतं! शिंपीणबाई वर्षभर माझ्याशी हातवारे करून बोलतेय आणि मला वाटायचं तिला ती खोडच आहे. लपवत होते ती मी एकटीच.

मग मी चिडले, आणि चिडले की मला काम सुचतं. एक चांगला वाटणारा डबा घेतला, सगळ्यांच्या कानाजवळ नेऊन ठोकला, नीट ऐका म्हटलं. मग खिळ्याने त्याला वर बारीकसं भोक पाडलं, आत हवा गेली, आणि परत ठोकला. तोच डबा, तेच मांस, आवाज दुसरा. माझ्या कानाला दोन्ही सारखेच, पण त्यांची तोंडं बदललेली मला दिसली. ती बघून मला कळलं की पहिला ठोका खणखणीत होता. तो डबा परीक्षेपुरता ठेवला आणि संध्याकाळच्या आत उघडून संपवला.

मग एकेकाला पाटावर पाठमोरं बसवून परीक्षा घेतली. मागे मी भोकाचा आणि बिनभोकाचा डबा ठोकायचा, त्याने ओळखायचं. शिपाई नापास. शिंपीणबाई दहात सात. बाळंतीण आठ. आणि दहात दहा कोण, तर तुझा तो चहाडखोर ड्रायव्हर. म्हणाला, सव्वीस वर्षं इंजिनात काय सैल झालंय ते ऐकत आलोय, डबा म्हणजे काय मोठं. मी कांडी त्याच्या हातात दिली. एकतीस वर्षांत ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती, आणि देताना मला रडू आलं, ते मी पुसलं नाही.

त्याने दोन दिवस बसून सगळा साठा ठोकला. चार डबे बसके निघाले. त्यातला एक माझ्या चांगल्यांच्या ढिगातला, मान हलवून बाजूला ठेवलेल्या बारांतला. बाळंतिणीच्या वाडग्यातला नव्हे, त्याच्याआधी ठोकलेला, उघडायचा राहिलेला. त्याचं नाव जरी काढलं तरी मला अजून घाम फुटतो. चारही डबे आम्ही हातभर खोल खड्डा खणून पुरले, कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून वर दगड.

एकवीस दिवस अडकलो होतो. माणसं सत्तेचाळीस. कुणाचं पोट दुखलं नाही. मदत बाराव्या दिवशी होडीतून आली, आणि यंदा नुसती ब्लँकेटं नव्हती, मेणबत्त्याही होत्या. ती घेऊन आलेल्या पोराला मी त्याच्या साहेबासाठी एक खिम्याचा डबा देऊन परत पाठवलं, म्हटलं, साहेबांना सांग, मदत अशी दिसते.

एकशे एकोणतीस डबे उरलेत. दादाला येऊ दे. आता लपवायला माझ्याकडे काही नाही, म्हणून घाबरायलाही काही नाही.

आत्या


११ जून

आत्या,

आठवडाभर बसमध्ये जागाच मिळेना, शेवटी बाबा आज सकाळच्या बसने निघाले; वाटेत दुकानाच्या वसुलीला थांबून चारेक दिवसांनी पोचतील. पिशवीत एक कपड्याचा जोड आणि एक नवं कुलूप आहे. मी आणि आईने थांबवायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरने तर बस सुरू करायच्या आधी त्यांना सरळ सांगितलं की साहेब, तुमच्या बहिणीने मला जगवलंय, तिला उचलून आणायला माझी बस वापरू नका. बाबा म्हणाले, तिकीट काढलंय.

मशीन पुन्हा पाठवतेय. या वेळी हळूहळू सवय कर, दुकानदार म्हणाला की पहिले पंधरा दिवस सगळ्यांचंच डोकं उठतं. डब्यांसाठी नको घालूस, पण माणसांसाठी घाल. आणि बाबांच्या समोर रडू नकोस, म्हणजे त्यांना ओरडता येणार नाही.

कुलूप लागलंच तर मी त्यांच्याशी बोलणार नाही, हे त्यांना सांगून ठेवलंय.

भिंगरी


१६ जून

भिंगरे,

दादा काल आला. कुलूप टेबलावर ठेवलं, बूट काढले, आणि उभ्यानेच बोलायला लागला. मशीन मी घातलं होतं, पण त्याला सांगितलं नव्हतं. म्हणून तो गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला आणि माझं कवटीपर्यंत सगळं हललं. मी म्हटलं, हळू बोल, ऐकू येतंय. तेव्हा त्याचा सगळा सूरच गेला.

मग मी बोलले. चाळीस वर्षांत त्याला मधे न थांबता एवढं बोलले नव्हते. म्हटलं, "आई तुझ्याकडे चौदा महिने होती. तिच्याशी किती दिवस बोललास, तेवढं मला सांग. मग मी तुझ्या गाडीत बसते."

तो बसला. मला वाटलं आता चिडेल, दुकानाचा व्याप सांगेल.  पण तो म्हणाला, की मोजायला गेलं तर एक आठवडासुद्धा भरणार नाही, आणि हे तो रोज मागच्या खोलीवरून जाताना मोजतो. म्हणून खोलीला रंग काढला होता. मला तो रंग माझ्यासाठी वाटत होता. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मी पाणी दिलं, पण मागे हटले नाही. म्हटलं, तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी त्या खोलीत येऊन बसणार नाही. आईचं राहिलं ते माझ्यावर फेडायचं नाही.

 दुपारभर दारात कोण ना कोण येत होतं. शिंपीणबाईने ताट आणलं आणि त्याला वाढता वाढता सुनावलं. शिपाई बाहेर पायरीवर उगाच बसून राहिला, मला घेऊन निघायचं तर दादाला त्याला ओलांडूनच जावं लागलं असतं. बाळंतिणीने तर मूल सरळ दादाच्या मांडीवर ठेवलं आणि घरी निघून गेली. त्या मुलाला धरून तो तासभर हलला नाही.

मूल घरी गेल्यावर त्याने पलंगाखाली वाकून पाहिलं. नवे पन्नास डबे परवाच आले होते, ते अजून ठोकायचे राहिले होते. तो म्हणाला, कांडी कुठाय. मी दिली. खिळा घेऊन त्याला भोकाची रीत दाखवली. तो जमिनीवर मांडी घालून बसला, एकेक डबा कानाशी नेऊन ठोकायचा, माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. गुडघे दुखत होते त्याचे, तोंडावर दिसत होतं, पण उठला नाही. पन्नासातला एक त्याने बाजूला काढला. मी आमच्या कारखान्यातल्या साहेबासारखी विचारलं, खात्री आहे? तो म्हणाला, आहे.

आज सकाळच्या बसने परत गेला. कुलूप पिशवीत घातलं. निघताना पायरीवर थांबून, माझ्याकडे तोंड करून, अगदी सावकाश म्हणाला, "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन. नवे डबे मी येईपर्यंत उघडायचे नाहीत. पण तुला इथे राहायची परवानगी दिली, असं समजू नकोस."

मी म्हटलं, "मी मागितलीच नव्हती."

आत्या